दाल्मिराचा हात

दाल्मिरा सोसाच्या हातात उंदीर घाबरत नसे, आणि या एका गोष्टीवर विद्यापीठातल्या अर्ध्या प्राध्यापकांची नावं चालत होती. हे कुणी कबूल करत नसे, तो भाग वेगळा. तुकुमान शहरातल्या त्या प्राणिघरात तिची चौतीस वर्षं गेली होती, आणि सगळे तिला 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचे. सकाळी सहाला यायची, बिनवासाच्या साबणानं हात धुवायची, ते कोमट होईपर्यंत एकमेकांवर घासायची. मग एकेक पिंजरा उघडून प्रत्येक पांढऱ्या उंदराला दोन मिनिटं तळव्यावर घ्यायची, कानामागं खाजवायची, पाठीवरून बोट फिरवायची. हे लाड नव्हते. मेंदूतलं एन्झाइम मोजायचं तर उंदीर मरताना शांत असावा लागतो. तो घाबरला की आकडे बिघडतात. भूल द्यावी तर भुलीनंही बिघडतात. म्हणून उपाय एकच, ज्या हातावर त्याचा विश्वास बसलाय त्याच हातानं त्याला पात्याखाली ठेवायचं. तीन आठवड्यांची माया ती त्या एका क्षणासाठी. दाल्मिराला यात वावगं काही वाटत नसे. बिचारे घाबरून तरी मरत नाहीत, असं ती म्हणायची.

डॉ. लाझार्ते यांचा प्रयोग असा होता की, वय आणि लिंग यांनी मेंदूतल्या एका एन्झाइमचा जोर किती कमी-जास्त होतो ते बघायचं. गट चार, प्रत्येकात आठ: तरणे नर, तरण्या माद्या, म्हातारे नर, म्हाताऱ्या माद्या. तरणा उंदीर तीन महिन्यांत तयार होतो. म्हातारा व्हायला दोन वर्षं लागतात, आणि ती दोन वर्षं त्याला कुणीतरी जगवावं लागतं. अंगावर गाठी आलेल्या, केस झडलेल्या माद्या दाल्मिरानं जगवल्या. त्यांचे वाढलेले दात कापले, खाणं भिजवून बोटानं भरवलं. आठ हव्या होत्या, तिनं बारा जगवल्या. जास्तीच्या चारांत एक पात्रोना होती. पात्रोना म्हणजे मालकीण, आणि ती वागायचीही तशीच. दाल्मिरा माते, तो तिकडचा कडवट पाल्याचा चहा, प्यायला बसली की ही तिच्या खांद्यावर चढून मानेशी झोपायची, आणि ती उठेपर्यंत दाल्मिरानं मान वळवायची नाही.

प्रयोग डॉक्टरांच्या हाताखाली शिकणाऱ्या यानिना पेराल्ताच्या डॉक्टरेटचा होता. यानिना एकतिसाची, ऊसतोड्याची लेक, घराण्यात पहिली शिकलेली. सात वर्षांपूर्वी आली तेव्हा उंदीर बघून उलटी केली होती तिनं. उंदीर कसा धरायचा, कसा सोडायचा, ते दाल्मिरानं शिकवलं. महिनाअखेरीला पोरीच्या डब्यात नुसता पाव दिसला की दाल्मिरा आपल्या दोन एम्पानादा, खिमा भरलेल्या करंज्या, तिच्यापुढं सरकवायची आणि म्हणायची, "खा. माझं पोट बिघडलंय." पोट काही बिघडलेलं नसायचं.

मारायच्या दिवशी यानिनानं यादी भिंतीवर चिकटवली. दाल्मिरानं ती वाचली आणि डॉक्टरांकडं वळली.

"डॉक्टर, हे मिसळून घ्या. एक तरणा, एक म्हातारी, मग एक म्हातारा, असं."

"का बरं?"

"एका ओळीत घेतलंत तर म्हाताऱ्या माद्या शेवटी राहतात. चार तास बाहेर बोळात बसतील. रक्ताचा वास येतो त्यांना."

डॉक्टर हसले. हसताना ते नेहमी दुसऱ्या कुणाकडं तरी बघायचे. "यानिना, ऐकलंस? दोन्या दाल्मिराला इथं लोक्रो शिजवायचाय, सगळं एका हंडीत ढवळून! बाई, यादी आहे तशीच चालेल."

यादी आहे तशीच चालली. आधी नर मग मादी, आधी तरणे मग म्हातारे. जग ज्या क्रमानं माणसं मोजतं त्याच क्रमानं कुणीतरी ती टाईप केली होती, आणि त्यात कुणाला काही खटकलं नव्हतं. दुपारी एकला दाल्मिरानं पहिली म्हातारी मादी उचलली. तिचं काळीज तळव्यावर शिवणयंत्रासारखं चालत होतं.

"ही घाबरलीय. या आठ उद्या घेऊ, पोरी."

यानिनानं घड्याळ पाहिलं, बर्फाची पाटी पाहिली. दारात डॉक्टर उभे होते. "चला, चला," ते म्हणाले. आणि चाललं.

आकडे आले. म्हाताऱ्या माद्यांचं एन्झाइम चाळीस टक्क्यांनी पडलेलं, बाकी तीन गट जवळपास सारखे. डॉक्टर हर्षानं नाचायचेच बाकी होते. नर म्हातारा झाला तरी त्याचा मेंदू शाबूत, मादीचा मात्र ढासळतो! पेपर लिहायला घेतला, कोर्दोबाच्या परिषदेला नाव गेलं, यानिनाच्या डॉक्टरेटची तारीख ठरली, आणि पुढच्या प्रयोगासाठी अनुदानही मंजूर झालं.

याच दिवसांत दाल्मिरा एक अर्ज घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली. त्या विद्यापीठात दंडक असा की पुरुष पासष्टाला घरी जातो आणि बाई साठाला. बाईला पुढची पाच वर्षं हवी असतील तर वरिष्ठानं लिहून द्यायचं की हिची अजून गरज आहे. सशांकडं बघणारा रुफिनो त्रेसष्ट वर्षांचा होता. डोळ्यांत मोतीबिंदू, महिन्यात दोन ससे हातून पडायचे. त्याच्याकडं कुणी कसलाही कागद मागितला नव्हता.

दाल्मिराला ती पाच वर्षं हवीच होती. लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरामागची खोली तिची, आणि भावजयीची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. भावजय ओफेलियानं आधीच सांगून ठेवलं होतं, "तू सुटलीस की आईची खाट तुझ्या खोलीत टाकते. तुला तरी दुसरं काम काय असणार?" ती म्हातारी सगळ्यांना चावायची. पंच्याण्णव वर्षांची होती आणि पाय सोडले तर तब्येत ठणठणीत होती.

डॉक्टरांनी अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

"दोन्या दाल्मिरा, मी काय करू? आकडेच सांगतायत. म्हाताऱ्या मादीचा मेंदू निम्म्यावर येतो." ते खिडकीकडं बघून हसले. "मी शास्त्राच्या विरुद्ध सही कशी करू?"

"आकडे चुकलेत, डॉक्टर. त्या घाबरलेल्या होत्या."

"घाबरल्या? तुमच्या हातात?" आता ते तिच्याकडं बघत होते. "मग तर आणखीच वाईट. एक तर मेंदू गेलाय, नाहीतर हात गेलाय. दोन्हींत सही करण्यासारखं मला काही दिसत नाही."

वड्याचं तेल वांग्यावर काढण्यात हा माणूस पटाईत होता, आणि दाल्मिरानं ते चौतीस वर्षं पाहिलं होतं. आजवर वांगं दुसरं कुणीतरी असायचं, एवढंच.

"चार म्हाताऱ्या शिल्लक आहेत," ती म्हणाली. "सकाळी सर्वांत आधी घ्या. पातं स्पिरिटनं पुसलेलं, बोळ रिकामा. तरण्यांच्या बरोबरीचे आकडे आले, तर मेंदूही गेला नाही आणि हातही गेला नाही. मग सही करायची."

"आणि नाही आले तर?"

"तर अर्ज मी स्वतः फाडते."

डॉक्टरांना गंमत वाटली. त्यांचा स्वतःच्या आकड्यांवर खरोखरच विश्वास होता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. "यानिना मोजेल," ते म्हणाले. "तुमची लाडकी आहे, लबाडी झाली असं म्हणायला नको तुम्हाला."

शेजारच्या टेबलावर बसलेल्या यानिनानं मान वर केली नाही. त्या पैजेत आपलं काय लागलंय, ते त्या खोलीत तिला एकटीला कळलं होतं. त्या चार माद्या चांगल्या निघाल्या तर आधीच्या आठ वाया गेल्या. पुन्हा आठ म्हाताऱ्या करायच्या म्हणजे पुन्हा दोन वर्षं, आणि शिष्यवृत्ती तर डिसेंबरातच संपत होती.

दाल्मिरानं तीन आठवडे त्या चौघींना हात दिला. पात्रोनाला वेगळी सवय लावायची गरजच नव्हती. शेवटच्या रात्री दाल्मिराला वाटलं, तीन पुरेत, हिला राहू दे. पण तीन म्हटल्यावर डॉक्टर म्हणणार, संख्या कमी पडली. चारवरही नाक मुरडतीलच, पण चार त्यांनी स्वतः कबूल केल्या होत्या.

सकाळी सव्वासहाला तिनं पहिली नेली. मग दुसरी, तिसरी. मधे दर वेळी पातं पुसलं, हात धुतले, कोमट केले. पात्रोना शेवटी. ती आपणहून तळव्यावर आली आणि सवयीनं मनगटावरून वर, खांद्याकडं चढायला लागली. दाल्मिरानं तिला हळूच खाली घेतलं, कानामागं खाजवलं. डोळे अर्धे मिटलेलं ते डोकं पात्याखाली ठेवताना पात्रोनाच्या अंगावरचा एक केसही हलला नाही. यानिनानं चाळीस सेकंदांत मेंदू बर्फावर घेतला, चार नळ्यांवर नंबर घातले, नळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. दाल्मिरानं पातं धुतलं. ती रडली, नळाचं पाणी चालू ठेवून रडली, आणि मग पाणी बंद करून माते भरायला गेली.

चौथ्या दिवशी यानिना प्राणिघराच्या दारात आली. आत आली नाही.

"दोन्या दाल्मिरा, वाईट झालं. फ्रीझर... नळ्या वितळल्या. मोजता नाही आल्या."

"चारही?"

"चारही."

"कधी?"

"शनिवारी बहुतेक. लाईट गेली असेल."

दाल्मिरानं तिच्याकडं पाहिलं. त्या फ्रीझरचं तापमान रोज सकाळी कोण लिहायचं? दाल्मिराच. शनिवारी उणे ऐंशी, रविवारी उणे ऐंशी, सोमवारी उणे एकोणऐंशी, प्रत्येकाखाली तिचीच सही. शनिवार-रविवारी ती यायची, कारण उंदरांना रविवार नसतो. तरीही कदाचित आपलीच काही चूक असेल, असं तिनं मनाला सांगून पाहिलं. माणूस आपल्या माणसासाठी असलं काहीबाही मनाला सांगतं.

संध्याकाळी प्रयोगशाळेचे कचऱ्याचे डबे ओतताना तिला ती ताटली सापडली. प्लास्टिकची, छोट्या छोट्या खळग्यांची, वर्तमानपत्रात गुंडाळून तळाशी दाबलेली. या मोजणीत खळग्यातलं पाणी पिवळं होतं. एन्झाइमचा जोर जितका जास्त, तितकं पिवळं गडद. आकडे वाचायची गरज नाही. ताटलीच्या कडेला यानिनाच्या सुबक अक्षरांत पेननं लिहिलेलं होतं: तरणे नर, तरण्या माद्या, आणि त्याखाली एक, दोन, तीन, चार. सगळ्या ओळी सारख्याच पिवळ्या होत्या, भोपळ्यासारख्या. चौथी तर सगळ्यांहून गडद. चौथी म्हणजे पात्रोना.

ती ताटली हातात घेऊन दाल्मिरा बराच वेळ डब्याशी उभी राहिली. डॉक्टरांकडं घेऊन जावं? डॉक्टर म्हणाले असते, कचऱ्यातली ताटली, कोण जाणे कुणाची. आणि डॉक्टरांचा राग तिला नव्हताच तेवढा. सापाला साप म्हणून वागताना बघून कुणी चिडत नाही. ही मात्र तिच्या एम्पानादा खाऊन मोठी झाली होती.

अर्ज बिनसहीचा परत आला. ऑगस्टअखेर शेवटचा दिवस ठरला. आणि आठवडाभरानं डॉ. लाझार्ते स्वतः प्राणिघरात उतरले, हे वर्षातून एखाद्या वेळी घडायचं.

"दोन्या दाल्मिरा, नव्या अनुदानाचं काम सुरू होतंय. आठ माद्या व्याल्यात काल, चौसष्ट पिल्लं. पुढं यानिनाच बघेल सगळं, नोकरी लागली तिला. पण ही पिल्लं दोन वर्षं वाढवून मग मोजायची आहेत, तर दूध तुटेपर्यंत हात तुमचाच लागू दे. एकवीस दिवस. तुमचेही बरोबर तेवढेच उरलेत." मग त्यांनी वर म्हटलं, "तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाला नाही, बाई."

"बरं," दाल्मिरा म्हणाली.

काम ठरलेलं होतं. पिल्लांना रोज पंधरा मिनिटं आईपासून काढायचं, कोमट तळव्यावर घ्यायचं, परत ठेवायचं. असं केलेलं पिल्लू जन्मभर शांत राहतं. उलट केलं तर काय होतं, तेही दाल्मिराला ठाऊक होतं. एका प्रयोगात मुद्दाम तसं करायला लावलं होतं तिला, वीस वर्षांपूर्वी. तीन तास आईविना, गारठ्यात, एकेकटं ठेवायचं. असं पिल्लू वरून अगदी धडधाकट दिसतं, वजनही भरतं. फक्त आयुष्यभर कुठल्याही हाताला ते आतून दचकत राहतं, आणि त्याच्या मेंदूचे आकडे कधीही एका ओळीत येत नाहीत.

पहिल्या दिवशी तिनं चौसष्ट पिल्लं खिडकीखालच्या लोखंडी टेबलावर लांब लांब मांडली. गुलाबी, आंधळी, बोटाच्या पेराएवढी. खिडकीची फट उघडी ठेवली. उंदराच्या पिल्लाची हाक माणसाला ऐकू येत नाही, पण आईला येते. आठ पिंजऱ्यांत आठ माद्या गोल गोल धावायला लागल्या, गज चावायला लागल्या. दाल्मिरा पाठ करून मातेचं भांडं घेऊन बसली. खांदा हलका हलका लागत होता. खिडकी लावायला ती दोनदा उठली आणि दोनदा परत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी एकदा उठली. तिसऱ्या दिवसापासून नाही.

दहाव्या दिवशी अवेळी यानिना आली. हातात एम्पानादांचा पुडा, डोळे सुजलेले. टेबलावरची पिल्लं तिनं पाहिली, पण वजनं चालली असतील असं समजून काही विचारलं नाही. एक पिल्लू त्या वेळी दाल्मिराच्या मुठीत होतं. गार पडलेलं, ते उबेला लागून जरासं हलायला लागलं होतं.

"दोन्या दाल्मिरा, मला माफ करा."

"कशाबद्दल गं? फ्रीझर काय, वितळतात."

यानिना रडायलाच लागली. "फ्रीझर नव्हता वितळला."

"मला माहितीय."

"मी काय करणार होते? सात वर्षं गेली माझी. घरी काय सांगू, उंदीर घाबरले म्हणून नापास झाले?"

दाल्मिरानं मूठ किंचित सैल केली. पिल्लू अंगठ्याला चिकटून लुचत होतं. ही पोर खरी रडतेय, हे तिला दिसत होतं. अजून अकरा दिवस होते. आत्ता थांबवलं तर पिल्लं कदाचित सावरली असती, बहुतेक तरी.

"मग आता जा ना," ती हळूच म्हणाली. "अजून महिना संपला नाही. डॉक्टरांना सांग, चारही चांगल्या होत्या. अर्ज माझ्या पिशवीत आहे."

यानिनानं नाक पुसलं. फरशीकडं बघितलं.

"परिषद होऊ दे," ती म्हणाली. "परिषद झाली की सांगते. शप्पथ."

"परिषद कधी आहे?"

"नोव्हेंबरात."

"हं," दाल्मिरा म्हणाली. तिनं मूठ उघडली आणि पिल्लू लोखंडावर त्याच्या जागी ठेवलं. "एम्पानादा ठेव तिथं. चहा-माते काही घेणारेस का?"

शेवटच्या दिवशी प्राणिघराबाहेरच्या बोळात निरोप समारंभ झाला. केक आला, सिद्राची, सफरचंदाच्या दारूची, बाटली उघडली, डॉक्टरांनी भाषण केलं आणि 'हात' हा शब्द पाच वेळा वापरला. रुफिनोनं पेला पाडला आणि सगळे मायेनं हसले. ओफेलियाचा फोन दोनदा येऊन गेला होता: खाट खोलीत टाकलीय, येताना मोठ्या माणसांचे लंगोट घेऊन ये.

मग दाल्मिरानं यानिनाला आत नेऊन पिंजरे ताब्यात दिले. प्रत्येक पिंजऱ्याला एक कार्ड, कार्डावर एकवीस चौकोन, प्रत्येक चौकोनात दा. सो.

"एकही दिवस चुकला नाही?" यानिनानं कार्डावरून बोट फिरवत विचारलं.

"एकही नाही."

यानिनानं पिंजरा उघडून हात आत घातला, अगदी शिकवला होता तसा, खालून, सावकाश. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढली आणि चपटी होऊन पडून राहिली. एकानं तिथंच मुतून टाकलं.

"बुजतायत का ही?"

"नवा हात आहे तुझा." दाल्मिरानं एप्रन काढून खुंटीला लावला.

"सवय होईल ना?"

"होईल की," दाल्मिरा कोटाची बटणं लावत म्हणाली. "दोन वर्षं आहेत तुझ्याकडे."